टेलरला आपण फार लवकर निरोप दिला का? (मॅनेजमेंटच्या सिद्धांतांचा इतिहास)

मृण्मयी_को
नमस्कार मंडळी. मी बीबीएला मॅनेजमेंटच्या सिद्धांतांचा पेपर शिकवते. पुस्तकात दरवर्षी तोच क्रम. आधी टेलर (घड्याळ लावून काम मोजणारा अमेरिकन इंजिनिअर), मग फेयॉल, मग वेबर, मग हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग नि मेयो (माणसाच्या मनाकडे बघा म्हणणारा), मग मॅस्लो-मॅकग्रेगर, शेवटी जपान आणि क्वालिटी. जिन्याच्या पायऱ्या चढत जावं तसं. पूर्वी माणसाला मशीन समजायचे, मग कळलं त्याला मनही असतं, आणि मग सगळं सुधारत गेलं. मुलं "टेलरवरील टीका" पाच मुद्द्यांत लिहितात की टेलर संपला.

मला हे पटत नाही. टेलरचा खरा मुद्दा स्टॉपवॉच नव्हताच. तो १८७८ मध्ये फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टीलमध्ये लागला, स्वतः लेथवर उभा राहिला, मग गँगबॉस झाला. कामगार ठरवून हात राखून काम करतात आणि खरं किती काम निघू शकतं हे साहेबाला कळू देत नाहीत, हे त्याने आतून पाहिलं होतं. त्यावर त्याचा उपाय असा की काम कसं करायचं ही अक्कल कामगाराच्या हातातून काढून प्लॅनिंग ऑफिसच्या कागदावर आणायची. १९११ च्या पुस्तकात त्याने हे अगदी उघड लिहिलंय. माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांचं भांडण याच एका गोष्टीवर चालू आहे, की कामाची माहिती कोणाच्या ताब्यात राहणार. मेयो आला, मॅस्लो आला, तरी ते मिटलेलं नाही.

तुम्ही जिथे काम केलंत तिथे हे कसं दिसलं? आणि हा इतिहास शिकवायचा तर सुरुवात कुठून करावी?

नाशिकचा_नितीन
पहिला नंबर! एमबीएला टेलरची तत्त्वं पाठ करून पास झालो, पण तो गडी स्वतः लेथवर उभा होता हे आज कळतंय. वाचतोय.

शॉपफ्लोर_चाकण
मॅडम, मी आयईवाला (इंडस्ट्रियल इंजिनिअर) आहे, म्हणजे टेलरच्या वंशातला, त्यामुळे थोडी बाजू घेतो. टाइम स्टडी नसेल तर लाइन बॅलन्स कशी करणार, माणसं किती लावणार, पार्टची किंमत कशी काढणार? आणि टेलरने फक्त पळवलं असंही नाही. फावड्याचा प्रयोग बघा, कामगार आपापली फावडी आणायचे, त्याच फावड्याने जड खनिजही उचलायचे आणि हलका कोळसाही. त्याने काढलं की एका फावड्यात साधारण साडेएकवीस पौंड असले तर दिवसभराचं काम सगळ्यात जास्त निघतं, मग मालाप्रमाणे वेगवेगळ्या मापाची फावडी कंपनीने द्यायची. जड कामात मधे विश्रांती किती हवी हेही त्याने मोजलं.

पण तुमचा ताब्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. एक किस्सा सांगतो. ड्रिलिंगच्या एका ऑपरेशनवर आमच्या कागदावरचा सायकल टाइम आणि प्रत्यक्ष आउटपुट जुळेना, माणूस टार्गेटच्या बराच पुढे. घड्याळ घेऊन उभं राहिलं की मात्र बरोब्बर कागदाइतकाच वेळ. नंतर एका जुन्या सुपरवायझरने सांगितलं की त्या ऑपरेटरने फिक्स्चरला (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाला) लावायला लाकडाची छोटी पाचर केलीय, जॉब एका दणक्यात सरळ बसतो. घड्याळ आलं की पाचर खिशात. का सांगेल तो? सांगितलं की दुसऱ्या दिवशी टार्गेट वाढणार.

नाशिकचा_नितीन
पाचर खिशात :D सगळा इतिहास त्या खिशात आहे राव.

सुलभाताई
मृण्मयी, विषय माझ्या जिव्हाळ्याचा काढलास. मी पर्सोनेलमध्ये आयुष्य काढलं, तेव्हा एचआर म्हणत नसत.

टेलर शिकवताना श्मिटची गोष्ट मुलांना मुळातून वाचायला दे. बेथलेहेम स्टीलमध्ये कच्च्या लोखंडाच्या लाद्या उचलून रेल्वेच्या वाघिणीत टाकायच्या, एक लादी ९२ पौंडांची, म्हणजे जवळजवळ ४२ किलो. माणसं दिवसाला साडेबारा टन टाकायची, टेलरने श्मिटकडून साडेसत्तेचाळीस टन करून घेतलं. दिवसाची मजुरी १.१५ डॉलर होती ती १.८५ झाली. आता हिशोब मुलांनाच करू दे: काम पावणेचारपटीच्या वर, पैसे दीडपटीच्या जरासे वर. दहा तासांचा दिवस धरला तर साधारण दर अर्ध्या मिनिटाला एक लादी.

आणि बघ, टेलर लिहितो की हे काम करणारा माणूस बैलासारखा मठ्ठ असतो. त्याच पानांत तोच सांगतो की श्मिटने जमिनीचा तुकडा घेतलाय आणि कामाला यायच्या आधी नि कामावरून गेल्यावर स्वतःच्या हाताने घर बांधतोय! दिवसभर लोखंड उचलून वर घर बांधणारा, पैसे साठवणारा माणूस मठ्ठ कसा? त्याचं खरं नाव हेन्री नॉल. १९७४ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी बेथलेहेमची जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं की टेलरने ही गोष्ट बरीच रंगवून सांगितलीय. पुस्तकांत अजून ती जशीच्या तशी छापतात याचा मला मनापासून राग येतो.

चाकणच्या दादांनी विश्रांतीचं लिहिलं ते बरोबर आहे. पण विश्रांती कधी घ्यायची हेही शिट्टी हातात असलेल्या माणसाने सांगायचं, हा टेलर.

डेट्रॉइटकर
टेलरपासून सुरू करणं हेच मुळात चुकतंय असं माझं मत. मोजमाप त्याच्या खूप आधीपासून आहे. इथे अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या मळ्यांवर गुलामांची रोजची वेचणी माणशी तोलून वहीत मांडत. थॉमस अ‍ॅफ्लेक नावाच्या माणसाने १८४० च्या दशकात त्यासाठी छापील वह्याच काढल्या होत्या, प्रत्येकाच्या नावापुढे प्रत्येक दिवसाचं वजन, वर्षाअखेर माणसांची किंमत वाढली की घटली त्याचाही तक्ता. केटलिन रोझेंथाल यांनी २०१८ मध्ये या वह्यांवर पुस्तक लिहिलंय. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत रेल्वे येते, कापडगिरण्या येतात, पण हे गाळतात. शिकवणार असाल तर इथून सुरू करा.

रेवती_९
@डेट्रॉइटकर, हे वाचून सुन्न झाले. पण एक शंका, त्या मळ्यांतून टेलरपर्यंत थेट धागा जोडता येतो का? की दोन्हीकडे मोजमाप आहे एवढंच साम्य?

डेट्रॉइटकर
रेवती, थेट "टेलरने तिथून घेतलं" असा दावा मी करत नाही. मुद्दा असा की ज्याला नकार द्यायची सोय नाही त्याच्यावर मोजमाप किती टोकाला नेता येतं हे तिथे दिसतं. जिथे माणूस सोडून जाऊ शकतो तिथे काय होतं त्याचं उदाहरण आमच्या गावातच आहे. फोर्डने १९१३ मध्ये हायलँड पार्कला फिरती असेंब्ली लाइन आणली, गाडीची चॅसी (सांगाडा) जोडायला साडेबारा तास लागायचे ते दीड तासावर आलं. आणि त्याच वर्षी कामगार सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के! म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसं बदलायची. जानेवारी १९१४ मध्ये पाच डॉलर रोज जाहीर झाला तो उगाच नाही. आणि त्यालाही अटी होत्या, कंपनीची माणसं घरी येऊन बघायची की तुम्ही दारू पिता का, घर स्वच्छ आहे का.

गडवाट
थोडं अवांतर. आपल्याकडे शिवकाळात किल्ल्यावर एकट्याच्या हाती कारभार द्यायचे नाहीत. हवालदार, सबनीस, कारखानीस असे तिघे, एकाकडे शिबंदी नि किल्ल्याच्या किल्ल्या, एकाकडे हजेरी नि हिशोब, एकाकडे धान्य-दारूगोळ्याचं कोठार. एक फितूर झाला तरी किल्ला जात नाही. मग मॅनेजमेंट पाश्चात्त्यांनी शोधलं असं का शिकवायचं?

रेवती_९
@गडवाट, अवांतर नाहीये, उलट मस्त मुद्दा आहे, फक्त मी तो दुसऱ्या बाजूने लावेन. कारभार उत्तम असणं आणि त्याचा सिद्धांत लिहून शिकवणं वेगळं. आणि तुमची किल्ल्याची व्यवस्था फेयॉलच्या बरोब्बर उलट आहे! फेयॉल म्हणतो एका माणसाला हुकूम एकाच साहेबाकडून. किल्ल्यावर भीती फितुरीची होती म्हणून सत्ता वाटली. फेयॉलला भीती कसली होती? काम अडण्याची.

तो फ्रान्समधल्या कॉमेंट्रीच्या कोळसा खाणीत तरुण इंजिनिअर होता. १८६१ ची गोष्ट, खाणीत एका घोड्याचा पाय मोडला. फेयॉलने तबेल्यात दुसरा घोडा मागितला, तर तबेलेवाला म्हणाला डायरेक्टरची सही आणा. डायरेक्टर त्या दिवशी नव्हता, त्याच्या जागी सही करणारंही कोणी नेमलेलं नव्हतं. काम ठप्प. फेयॉलने ते वहीत नोंदवून ठेवलं, की अधिकार असलेलं कोणीतरी कायम हजर पाहिजेच. पुढे १८८८ मध्ये तीच कंपनी बुडायच्या बेताला आली असताना तो तिचा प्रमुख झाला, तिला वर काढली आणि १९१८ पर्यंत चालवली. १४ तत्त्वांचं त्याचं पुस्तक १९१६ चं. ती चौदा तत्त्वं मुलांना रटाळ वाटतात कारण मागचा घोडा कोणी सांगत नाही.

नाशिकचा_नितीन
आमच्या ऑफिसात घोडा म्हणजे प्रिंटरचा टोनर. साहेब रजेवर, सही नाही, तीन दिवस सगळा विभाग शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे.

गडवाट
@रेवती_९ घोडा आवडला. फितुरीची भीती आणि काम अडण्याची भीती, हा फरक डोक्यात नव्हता. मान्य.

गिरणगावकर
मृण्मयीताई, तुमचा धागा कालपासून वाचतोय, आमच्या मुंबईचं कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो.

टेलरचं वारं मुंबईत "रॅशनलायझेशन" म्हणून आलं. १९२८ च्या सुरुवातीला ससून गटाच्या गिरण्यांनी नवी पद्धत आणली, साचेखात्यात माणूस दोन साचे (कापड विणायचे माग) चालवायचा त्याला तीन द्यायचे, सूतखात्यात यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू. आता कागदावर हे बरोबर दिसतं. पण साचा चालवणं म्हणजे काय? धागा तुटला की साचा थांबतो, जाऊन सांधायचा, परत चालू करायचा. धागा किती वेळा तुटणार हे सुतावर. आणि सूत कसं? मालक कापसात हलका माल मिसळायचे, सूत कच्चं, सारखं तुटायचं. मग तिसरा साचा कसा सांभाळायचा? कामगारांचं म्हणणं साधं होतं, आधी चांगलं सूत द्या मग साच्यांचं बोला. शिवाय एकाने तीन चालवले की दुसऱ्याची नोकरी गेली, तो गेटवर बदली म्हणून उभा.

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दीड लाख कामगार संपावर होते. त्यातच गिरणी कामगार युनियन उभी राहिली, लाल बावट्याची. संप मिटताना चौकशीसाठी फॉसेट कमिटी नेमली. आमचे आजोबा कोकणातून येऊन साचेखात्यात लागले ते त्यानंतर, पण सांध्यांचं बोलणं घरात सतत असायचं. सूत बोटात धरलं की त्यांना कळायचं आज दिवस कसा जाणार. हे कुठल्या ऑफिसच्या कागदावर येणार होतं?

तेव्हा मॅडम, तुमची मुलं मराठी आहेत तर त्यांना श्मिटबरोबर साचेवालाही सांगा.

मृण्मयी_को
गिरणगावकर दादा, हेच हवं होतं. कापसाची मिसळ आणि साच्यांची संख्या यांचा संबंध मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात वाचला नव्हता.

शॉपफ्लोर_चाकण
खरंय. टाइम स्टडीचा पहिला नियमच आहे की मटेरियल स्टँडर्ड असलं पाहिजे, नाहीतर घेतलेली वेळ बिनकामाची. टेलरनेही हेच लिहिलंय. मालकांना त्यातलं घड्याळ तेवढं हवं असतं.

सुलभाताई
अमेरिकेतही हेच. ऑगस्ट १९११ मध्ये बॉस्टनजवळ वॉटरटाउनला लष्कराच्या शस्त्र कारखान्यात एका मोल्डरने (ओतकामाचे साचे करणाऱ्या कामगाराने) घड्याळासमोर काम करायला नकार दिला, त्याला काढला, तर बाकीचे मोल्डर बाहेर पडले. अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) चौकशी समिती नेमली, टेलर स्वतः साक्षीला गेला. पुढे १९१५ मध्ये लष्कराच्या खर्चाच्या कायद्यातच स्टॉपवॉचला बंदी घातली.

आटपाडीचा_अभय
मी पुण्यात कॉल सेंटरला होतो (कंपनीचं नाव नको). स्क्रीनवर कोपऱ्यात सेकंद पळत असतात, कॉलची सरासरी वेळ, दोन कॉलमधला वेळ, बाथरूमचा वेगळा कोड. टेलरच्या माणसाला निदान समोर उभं राहावं लागायचं. आणि वर भिंतीवर मॅस्लोचा त्रिकोण (माणसाच्या गरजांच्या पायऱ्यांचा) लावलेला, शुक्रवारी पिझ्झा, "वी आर फॅमिली". म्हणजे टेलर मशीनमध्ये आणि मेयो भिंतीवर, दोघं एकाच खोलीत. मृण्मयी मॅडमच्या पायऱ्यांचा मुद्दा मला इथेच पटला.

पाचरही होती आमच्याकडे. वेळ जास्त झाला की कॉल "चुकून" तुटायचा, गिऱ्हाईक परत लावायचं, तो दुसऱ्याच्या वाट्याला. सरासरी छान, गिऱ्हाईक वैतागलेलं.

रेवती_९
अभय, हे तर हॉथॉर्नच्या दुसऱ्या खोलीसारखंच. सगळे पहिल्या खोलीचं सांगतात. शिकागोजवळ सिसरोला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना, १९२७ पासून पाच मुली टेलिफोनचे रिले (छोटे विजेचे स्विच) जोडतात, जोडला की घसरणीत टाकायचा आणि कागदी पट्टीवर भोक पडायचं, अशी मोजणी. सुट्टी द्या, तास कमी करा, उत्पादन वाढतंच, सवलती काढून घेतल्या तरी फारसं पडत नाही. निष्कर्ष: आपुलकीने वागवलं की माणूस काम करतो. जे सांगत नाहीत ते असं की जानेवारी १९२८ मध्ये त्यातल्या दोघींना फार बोलतात म्हणून बदललं आणि जागी दुसऱ्या दोघी आणल्या. आणि मोबदला छोट्या गटाच्या उत्पादनावर केला होता, म्हणजे जास्त काम थेट त्यांच्याच पगारात दिसायचं. मग आपुलकी किती आणि पैसे किती?

दुसऱ्या खोलीत (बँक वायरिंग रूम) १४ पुरुष, वायरिंगचं काम, १९३१-३२. तिथे उत्पादन वाढलंच नाही. दिवसाला किती काढायचं हे त्यांनी आपसात ठरवलेलं, कोणी पुढे गेला की दंडावर गुद्दा. मंदीचा काळ, जास्त काढलं तर दर कापतील किंवा माणसं कमी करतील, ही भीती. टेलरने मिडव्हेलमध्ये पाहिलेलंच पन्नास वर्षांनी परत.

माझं वैयक्तिक मत, मेयोपेक्षा मेरी पार्कर फॉलेटला जास्त वेळ द्या. ती १९२५ मध्ये सांगत होती की हुकूम साहेबाचा नसावा, परिस्थितीचा असावा, दोघांनी मिळून काम समोर ठेवून बघावं की आत्ता कशाची गरज आहे. बॉस्टनच्या वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षं काम करून ती इथवर आली होती.

डेट्रॉइटकर
फॉलेटला +१. आणि पुढची पायरी, सॉरी पायरी नाही, पुढचा प्रसंग मी सांगतो. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला जीएमचा कारखाना होता, गैरहजेरी आणि भांडणांनी बदनाम, १९८२ मध्ये बंद. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत नुम्मी नावाने उघडला, बहुतेक तेच कामगार, तीच युनियन. कामाचं मोजमाप जीएमपेक्षाही बारीक. पण घड्याळ टीमच्या हातात. कामगारच एकमेकांची वेळ घ्यायचे, कामाची पद्धत स्वतः लिहायचे, सुधारणा सापडली की कागद बदलायचे. दोष दिसला की दोरी ओढून लाइन थांबवायची. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या आसपास होती ती तीन-चारवर आली. पॉल अ‍ॅडलर यांनी १९९३ मध्ये यावर लेख लिहिला.

शॉपफ्लोर_चाकण
म्हणजे पाचर खिशातून बाहेर आली!

गिरणगावकर
थांबा, थांबा. नुम्मीत नोकरीची हमी करारात लिहिलेली होती, ती सांगा ना. हमी होती म्हणून पाचर बाहेर आली. आणि त्याच पद्धतीवर अमेरिकेतल्याच युनियन चळवळीतल्या लोकांची टीकाही आहे, त्यांनी तिला "मॅनेजमेंट बाय स्ट्रेस" नाव दिलं, की प्रत्येक मिनिटातला मोकळा श्वास शोधून काढायचा नि तो काढायला कामगारालाच लावायचा. आपल्याकडे तर कायझेनची (सतत छोट्या सुधारणांची जपानी पद्धत) सूचना द्यायची कंत्राटी पोराने, फोटो लागणार बोर्डावर, आणि अकरा महिन्यांनी पोरगा घरी.

शॉपफ्लोर_चाकण
दादा, याला माझ्याकडे उत्तर नाही. कंत्राटी माणसाकडून मनापासून सूचना येत नाहीत हे मी रोज बघतो. कायम असलेला ऑपरेटर सांगतो, कंत्राटी मान डोलावतो.

सुलभाताई
भारतातलंच एक उदाहरण राहतंय. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले होते. स्वयंचलित साचे आणले होते, पण उत्पादन वाढेना, कारण काम इतकं तुकड्यांत वाटलं होतं की धागा सांधणारा वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, कोणाचा साहेब कोण हेच कळेना. राइसने सुचवलं की छोटा गट करा आणि साच्यांचा एक पट्टा पूर्ण त्या गटाच्या जबाबदारीवर द्या. कामगारांनी ते लगेच उचललं, गट स्वतःच जमवले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. पुढे बऱ्याच वर्षांनी पाहणी झाली तेव्हा काही ठिकाणी ते टिकलं होतं, काही ठिकाणी जुनी पद्धत परत आली होती. मुलांना हेही सांग की चांगली पद्धत सापडली म्हणजे ती राहते असं नाही.

नाशिकचा_नितीन
सगळं वाचलं, डोकं गरगरलं, पण मृण्मयी मॅडम, विद्यापीठाच्या पेपरात अजून "टेलरची तत्त्वे स्पष्ट करा" हेच येणार ना? मग मुलांनी हे लिहायचं कुठे?

मृण्मयी_को
नितीन, लेखी पेपर माझ्या हातात नाही, इंटर्नलचे मार्क आहेत. तर असं ठरवतेय: वॉटरटाउन, १९२८ चा संप आणि बँक वायरिंगची खोली एकाच आठवड्यात घ्यायची, कालक्रम बाजूला ठेवून. श्मिटचा हिशोब वर्गातच करायचा. डेट्रॉइटकरांच्या वह्या त्याआधीचा एक पूर्ण तास. मेयोला एक तास, फॉलेटला दोन.

आणि असाइनमेंट म्हणून प्रत्येकाने एका खऱ्या कामाची वेळ घ्यायची. कोल्हापुरात फौंड्री आहेत, चप्पल करणारे आहेत, वर्गातली काही मुलं संध्याकाळी डिलिव्हरी करतात. अट अशी की घड्याळ काम करणाऱ्याच्या हातात द्यायचं आणि तक्ता त्याला वाचून दाखवल्याशिवाय जमा करायचा नाही. त्याने जी ओळ काढायला सांगितली ती काढायची, आणि ओळ काढली एवढंच लिहायचं.

शॉपफ्लोर_चाकण
त्या काढलेल्या ओळींची संख्या मला नक्की कळवा मॅडम. फौंड्रीत मुलं पाठवणार असाल तर सेफ्टी शूजशिवाय नको, आणि मोल्डिंगची वेळ घेणार असाल तर पहिली पाळी निवडा, दुपारी मेटल ओतायला सुरुवात झाली की कोणाला बोलायला वेळ नसतो.